दम छातीत असतो की मांडीत

दाजी, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुमची सवय नव्हती. पुंडलिकनगरच्या तुमच्या घरी जेवायला आलो की ताटावरच वाद सुरू व्हायचा. आक्का ताटं उचलायची, ओटा पुसायची, तरी आपण दोघं वाळलेल्या उष्ट्या हातांनी तसेच बसलेलो असायचो. शेवटी तीच वैतागून म्हणायची की हात धुवा आता, राहिलेलं उद्या भांडा. तुम्ही उठता उठता मला बजावायचात, "प्रोफेसर, उद्या नीट उत्तर घेऊन या." मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि तुम्ही शाळेत पीटीचे मास्तर. माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान असूनही तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. कायम प्रोफेसर, आणि त्यात निम्मी थट्टा असायची. ती हाक आता कोणी मारत नाही. कॉलेजात मला सगळे सर म्हणतात.

तुमच्यासाठी शाळेत सभा झाली, तेव्हा मी बोललो नाही. बोलणारे पुष्कळ होते. तुमची शिट्टी, पहाटेचं मैदान, तुमच्या हाताखालून पोलिसात आणि सैन्यात गेलेली मुलं, सगळं सांगून झालं. बाहेर चपला शोधताना एक गृहस्थ दुसऱ्यांना म्हणाले की मास्तरांनी जन्मभर व्यायाम केला, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही, आणि गेले की नाही शेवटी खाटेवरच. मग काय उपयोग त्या पळापळीचा? दुसऱ्यांनी मान डोलावली. मला त्या दोघांना तिथंच थांबवून सगळं समजावून सांगावंसं वाटलं. पण चपलांच्या ढिगाशी उभं राहून कोणाला स्नायूंच्या पेशीबद्दल काय सांगणार? घरी आलो आणि दिवसभर धुसफुसत राहिलो. तुमच्या मरणातून लोक एवढंच शिकणार असतील तर मला ते सहन होत नाही. तुमच्याशीच बोलावं म्हणून हे लिहायला बसलो आहे. तुम्ही निदान मध्येच तोडून बोलायचात, पण ऐकायचात.

आपल्या वादाचा विषय एकच होता. दम असतो कुठं? तुम्ही कबड्डीचे खेळाडू. एका श्वासात समोरच्या अंगणात शिरायचं, दोघातिघांना शिवायचं आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं, यात तुमची तरुणपणाची वर्षं गेली. त्यामुळे दम छातीत असतो यावर तुमची श्रद्धा होती. फुप्फुसं मोठी, काळीज दणकट, की माणूस तंदुरुस्त. मी म्हणायचो की दाजी, दम मांडीत असतो. छाती हवा आत घेते, काळीज रक्त ढकलतं, पण त्या रक्तातला प्राणवायू वापरून काम करते ती स्नायूची पेशी. तिला तो वापरायची सवयच नसेल तर वरून कितीही आणून दिला तरी माणूस धापा टाकत खाली बसणार.

मग मी पुढचं सांगायला लागायचो आणि तुम्ही डोळे मिटून घ्यायचात, झोप आल्याचं नाटक करत. स्नायूच्या पेशीत तयार ऊर्जा असते ती काही क्षणांपुरती. ती संपली की पेशी साखर घाईघाईनं फोडते, प्राणवायूची वाट न बघता. तुमची चढाई या दोन्हींवर चालायची. हे काम झटपट होतं, पण त्यातून थोडंच हाती लागतं आणि मांड्या पेटतात. तिसरी रीत सावकाशीची. पेशीच्या आत तंतुकणिका असतात, त्या प्राणवायू घेऊन साखर आणि चरबी शांतपणे जाळतात, आणि मग माणूस तासन्तास चालू शकतो. व्यायामाने या तंतुकणिका वाढतात, त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं. एकदा एवढं ऐकून तुम्ही एक डोळा उघडलात आणि म्हणालात, "म्हणजे चुली. मांडीत चुली किती पेटल्यात ते महत्त्वाचं." मी म्हटलं, तसं समजा. दुसऱ्या दिवशी तुम्ही मैदानावर पोरांना सांगितलंत की मांडीत चुली वाढवा, लाकडं कितीही आणून टाकली तरी चूल नसेल तर भाकर कशावर भाजणार. आठवड्याभरात ती तुमचीच कल्पना झाली होती आणि तुम्ही मलाच ती समजावून सांगत होतात.

तरी छातीचा हेका सुटला नाही. एकदा तुम्ही मला कोंडीत पकडलंत. सगळ्यात जोरात पळणाऱ्या माणसाला शेवटी कोण थांबवतं, मांडी की काळीज, सांगा खरं. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, कमाल मर्यादा बहुतेकांच्या बाबतीत काळीजच ठरवतं, त्याहून जास्त रक्त ते ढकलूच शकत नाही. पण त्या मर्यादेच्या खाली किती वेळ टिकायचं, ते मांडी ठरवते. तुम्ही दुसरं वाक्य ऐकलंच नाहीत. लगेच शहागंजला सलीमभाईंना फोन लावलात. सलीमभाई म्हणजे तुमच्या कबड्डीच्या संघातले गडी, आता कापडाचं दुकान सांभाळणारे. त्यांना सांगितलंत की प्रोफेसर हरला. पुढच्या वेळी मी शहागंजात गेलो तर त्यांनी मला दुकानात बोलावून चहा पाजला आणि हळहळ व्यक्त केली. माझ्या हरण्याची बातमी अख्ख्या बाजारात पोचवली होतीत तुम्ही.

आता चेष्टा बाजूला ठेवून एक सांगायचं आहे, जे तोंडावर सांगायचं राहिलं. आक्काला साखरेचा आजार निघाला तेव्हा ती खचली होती. आमच्या घरात तो आधीपासून आहे, आमच्या आईचे शेवटचे दिवस तिने जवळून पाहिले होते. मी नेहमीसारखा व्याख्यान देऊन मोकळा झालो, की जेवल्यानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त शोषून घेतात ते स्नायूच, आणि स्नायू कामाला लागले की इन्शुलिनची वाट न बघताही साखर आत ओढतात, तेव्हा जेवण झालं की चाल. बोलून मी घरी गेलो. तिला चालवलं तुम्ही. रोज जेवण झालं की तुम्ही दोघं गल्लीतून निघायचात. ती दोन पावलं मागं, डोक्यावरचा पदर सावरत, आणि आयुष्यभर पोरांना "पळ, पळ" म्हणून पिटाळणारा माणूस तिच्यासाठी पावलं लहान करून चालायचा. शेजारी हसायचे. तिच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या, तेव्हा देवगाव रंगारीला, आमच्या गावी, तिच्या माहेरी, ती प्रत्येकीला सांगत सुटली की ह्यांनी मला चालवलं. मी तिचा भाऊ, मी शिकवणारा, आणि माझं नावसुद्धा तिने घेतलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तुमचे उपकार आहेत दाजी, आणि ते मी कधी तुम्हाला बोलून दाखवले नाहीत, कारण आपल्यात असं बोलायची रीतच नव्हती.

आणि मग तुमची स्कूटर घसरली. वळणावर कोणी तरी वाळू सांडून ठेवली होती, तुम्ही भाजी घेऊन येत होतात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी तुम्हाला वॉकर धरून उभं केलं आणि बजावलं की दुखलं तरी रोज उठायचं, रोज थोडं चालायचं. तुम्ही त्यांना म्हणालात की मॅडम, मी हेच दुसऱ्यांना सांगून म्हातारा झालो आहे. त्या हसल्या. मीही निर्धास्त झालो. मला वाटलं, दुसऱ्या कोणाची काळजी करावी, दाजींची कशाला?

घरी आलात आणि माणसं यायला लागली.

आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे आजारी माणूस आडवाच सापडला पाहिजे. रंगारीहून, कन्नडहून बस पकडून, कामधंदा सोडून माणसं येतात, हातात बिस्किटाचे पुडे, सफरचंदं, शहाळी. आणि समोर पेशंट घरात फिरताना दिसला तर त्यांना फसवल्यासारखं होतं. काही झालंच नव्हतं की काय, असं परत गेल्यावर बोललं जातं. तुम्ही वॉकर धरून बैठकीत दोन फेऱ्या मारायला लागायचात तोवर बेल वाजायची. आक्का लगबगीने म्हणायची, "पडा, पडा, लोकं आले." आणि तुम्ही पडायचात. चादर छातीपर्यंत ओढून घ्यायचात. माणसं खाटेभोवती बसायची, मोडलेल्या खुब्यांच्या गोष्टी निघायच्या, कोण किती महिने उठलं नाही, कोणाची सळई सरकली. चहा व्हायचा. ते उठेपर्यंत पुढची माणसं जिन्यात आलेली असायची. तुमच्यावर माया करणारी माणसं एवढी होती की तुम्हाला उठायला सवड राहिली नाही.

रंगारीच्या आमच्या मामी तर दर चार दिवसांनी. एकदा मी त्यांना धीर करून समजावलं की मामी, पडून राहिलं की मांसपेशी झपाट्याने झडतात, आतल्या चुली विझतात, या वयात तर फारच लवकर, म्हणून दाजींना चालू द्या. मामींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "असं व्हय," म्हणाल्या, आणि तुमच्या पायाखाली आणखी एक उशी सरकवली. मग तुम्हाला म्हणाल्या, "जलमभर पळलात जावईबापू. आता कामून घाई करता? पडा निवांत." तुम्ही माझ्याकडं बघून डोळा मिचकावलात.

तेव्हा मी चिडलो होतो. माणसं गेल्यावर तुमच्याशी भांडलो. तुम्ही म्हणालात, अहो, हे कमावलेलं अंग आहे, दोन महिन्यांत कुठं जातं? मी म्हटलं, दाजी, कमावलेलं असं काही नसतं. पेशीला तुमची जुनी बक्षिसं ठाऊक नाहीत. आज काम पडलं नाही तर ती चूल मोडून टाकते, कारण न पेटणारी चूल सांभाळायला तिलाही खर्च येतो. काळजाचंही तसंच, रक्ताचंही तसंच. छाती आणि मांडी, दोन्ही एकदम उतरतात. तुम्ही हसून म्हणालात, म्हणजे आपला वाद मिटला, दोघंही हरलो. आणि टीव्ही लावलात.

एके दिवशी चादर बाजूला सरकली तेव्हा मला तुमच्या पायाची पिंडरी दिसली. त्या पायांवरून आम्ही मेहुणे मंडळी लग्नात चेष्टा करायचो, इतके ते भरलेले होते. आता कातडी हाडाभोवती सैल पडली होती. तुम्ही माझी नजर पाहिलीत आणि चादर ओढून घेतलीत. मी भीतीने गार झालो होतो, आणि त्या दिवसापासून माझा सगळा राग आक्कावर निघायला लागला. मीच नाही का ऐकत होतो, बेल वाजली की ती कशी म्हणते ते?

सलीमभाई तेवढे वेगळे निघाले. ते आले की खुर्चीवर बसायचेच नाहीत. खाटेशी उभं राहून हात पुढं करायचे, "मास्टर, उठो. मैं पकडता." तुम्ही म्हणायचात की आज दुखतंय, उद्या. परत आले तरी तेच. शेवटी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "भाई, दर्द नहीं है उसको. कुछ और है. पूछो जरा." मी परत वर येऊन तुम्हाला सरळ विचारलं की दाजी, नेमकं काय होतंय. तुम्ही म्हणालात, "प्रोफेसर, तपासणी नको, चहा घ्या." मी चहा घेतला.

नंतर खोकला आला. साधाच खोकला. पण खोकून कफ बाहेर काढायलासुद्धा पोटाचे, बरगड्यांचे स्नायू लागतात, आणि ते तोवर संपले होते. परत दवाखाना, आणि मग नाहीच. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

तुम्ही गेलात आणि तीच माणसं परत आली. त्याच बसने, त्याच जिन्यावरून. आता आक्काला भेटायला. तिला कोपऱ्यात सतरंजीवर बसवलं, भिंतीला टेकून. कोणी आलं की गळ्यात पडायचं, रडायचं, परत टेकून बसायचं. जीव टिकला पाहिजे म्हणून प्रत्येक जण तिला चहा पाजत होता, आणि नको म्हणायची सोय नव्हती. तेरावं झालं तरी ती कोपऱ्यातून उठली नाही, कारण लांबची माणसं अजून यायची होती, आणि दुखवट्याच्या घरात आलेल्या माणसाला घरची बाई जागेवर सापडली पाहिजे. तुमची मनीषा नाशिकहून आली होती, तिने आईची साखर तपासली आणि आकडा बघून मला बाजूला घेतलं. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हापासूनच आक्काचं चालणं बंद पडलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि सांगितलं की चालायला सुरुवात करा. आक्का म्हणाली, "कोणत्या तोंडानं फिरू? लोकं म्हणतील, नवऱ्याला जाऊन महिना नाय झाला अन् निघाली हवा खायला."

दाजी, मी त्या कोपऱ्याकडं बघत होतो आणि मला तुमची खाट दिसत होती. तिचे पाय सुजले होते. संडासला जाऊन आली तरी तिला धाप लागायची. बहीणही अशीच जाणार, भेटायला आलेल्या माणसांच्या गराड्यात, आणि मी कॉलेजात पोरांना पेशीतली ऊर्जा शिकवत राहणार. मला रात्री झोप लागेना. मनीषा नाशिकला परत गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, दाजींना तू झोपवलंस आणि आता स्वतःला बसवून ठेवते आहेस.

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. मग खाली बघतच तिने सांगितलं.

"मी नाय झोपवलं. तेच म्हणले व्हते, बेल वाजली की तू म्हण पडा म्हणून." घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात, घरात तुम्ही दोघंच असताना, तुम्ही वॉकर धरून दारापर्यंत गेला होतात. तिथंच तुम्हाला दम लागला. दरदरून घाम फुटला, मांड्या थरथरायला लागल्या, दाराची चौकट धरून तुम्ही उभे राहिलात. खाटेपर्यंत परत यायला तिचा आधार घ्यावा लागला. "लई घाबरले व्हते रे. माझा हात सोडंनात. म्हणले, हजार पोरं पळवली मी अन् मला दारापोतर जाता येईना. कोणाला सांगू नको. बाळूला तर बिलकुल सांगू नको."

बाळू म्हणजे मी. त्यानंतर बेल वाजली की तुम्हाला सुटल्यासारखं व्हायचं, असं ती म्हणाली. लोक आले म्हणून पडलो, असं म्हणता यायचं. आणि बायकोनेच उठू दिलं नाही, असं लोकांना वाटावं म्हणून ती मोठ्याने "पडा, पडा" म्हणायची. माझा राग तिला दिसत होता. तो तिने तसाच अंगावर घेतला, तुमच्यासाठी.

दाजी, मला तुमचा राग आला आहे. हे लिहितानाही आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्यावर रागावू नये असं सगळे म्हणतात, पण तुम्हाला रागावलेला मेहुणा नवीन नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं? पहिल्या आठवड्यात मैदानावर पोरं अशीच कोलमडायची. कडेला जाऊन ओकायची, मांड्या धरून बसायची, उद्यापासून येत नाही म्हणायची. तुम्ही त्यांच्या शेजारी उकिडवे बसून पाठीवरून हात फिरवायचात आणि म्हणायचात की आज एवढंच पुरे, उद्या याच्यापेक्षा थोडं पुढं. ती धाप म्हणजे शेवट नसतो, ती सुरुवात असते, पेशीला तेव्हाच कळतं की आता चुली कमी पडतायत, वाढवायला हव्यात. हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगितलं, तुम्ही ते पोरांच्या अंगात उतरवलंत. दाराच्या चौकटीशी तुम्हाला जे झालं ते तेवढंच होतं. तुम्ही संपला नव्हतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे स्नायूसुद्धा मागितलं तर परत उभे राहतात. स्वतःच्या पाठीवरून हात फिरवायला तुम्हाला कोणी मिळालं नाही, का तुम्ही कोणाला जवळ येऊच दिलं नाहीत?

आणि मलाच का सांगायचं नव्हतं? यावर मी फार विचार केला आहे. एवढी वर्षं दम कुठं असतो म्हणून आपण भांडलो, आणि ऐन वेळी तुमचा दम दारात संपला, ते माझ्यासमोर कबूल करायला तुम्हाला जड गेलं असेल का? मी जिंकल्यासारखा दिसेन असं वाटलं असेल का? आपल्याला भांडायला आवडायचं म्हणून आपण भांडत होतो, यापलीकडं माझ्या मनात कधीच काही नव्हतं. तुमच्या मनात होतं की नाही, ते आता कळायचा मार्ग नाही. हा प्रश्न मला छळतो, आणि तुम्ही मध्येच तोडून दोन शब्द बोलला असतात तर तो मिटला असता.

त्या दुपारी मी आक्काला व्याख्यान दिलं नाही. माझ्याकडून झालंच नाही. तिनेच चहाचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाली की उद्या ये, जेवण झाल्यावर.

काल गेलो. ती जेवून बसली होती. मला बघून उठली, चपला घातल्या, कुलूप लावलं, चावी शेजारी दिली. आम्ही निघालो. गल्लीतल्या बायका ओट्यांवरून बघत होत्या. आक्काची मान खाली गेली. तुमच्याइतकी लहान पावलं मला टाकता येत नव्हती, मी सारखा पुढं जात होतो आणि थांबत होतो. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचलो आणि तिला धाप लागली. विजेच्या खांबाला धरून ती उभी राहिली, कपाळावर घाम. माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते तिने तुमच्या डोळ्यांत पाहिलं असणार. "बाळू, ह्यांना असंच झाल्तं," ती म्हणाली. मी म्हटलं, व्हय, असंच होतं. थांब थोडं. मग आणखी चार पावलं जाऊ आणि परत फिरू.

तेवढ्यात रिक्षा आली आणि आमच्या शेजारीच थांबली. आत रंगारीच्या मामी, सोबत गावाकडच्या दोघी, मांडीवर पिशव्या. मामींनी आक्काला भर रस्त्यात, खांब धरून उभं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भेटायला आलेल्या माणसांना रडायला घरची बाई जागेवर सापडली नव्हती. मला माहीत होतं की आक्का आता मागं फिरणार. खरं सांगतो, माझीही पावलं घराकडं वळली होती. इतकी वर्षांची सवय आहे आपल्याला.

आक्काने पदर सावरला. धाप अजून पुरती बसली नव्हती, शब्द तुटत होते. म्हणाली, "मामी, चावी शेजारी हाय. बसा घरात. मी एवढं चालून येते."

आणि खांब सोडून ती पुढं निघाली. मामी रिक्षातून बघत राहिल्या. मी आक्काच्या मागं चाललो होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. दाजी, बेल वाजली की तुम्हीही एवढंच तर म्हणायचं होतंत.